एस्टरचा साबण कुणी केला

ही गोष्ट आजवर कुणाला पटलेली नाही आणि तुम्हांलाही पटणार नाही. स्टेशनबाहेर भगतचा पानाचा गल्ला, म्हणजे टपरी आहे, तिथं मी ती इतक्यांदा सांगितली आहे की मी तोंड उघडलं की भगत विचारतो, "देसाई, आज चुना मी लावू की तुम्ही लावताय?"

तरी सांगतो. अंकलेश्वरच्या आमच्या वसाहतीत कारखाने चिकार, धुराडी त्याहून चिकार, आणि भानगडी तर विचारूच नका. पण पोलिसाला न बोलावता, कुणावर हात न उगारता, नुसत्या वाफेच्या जोरावर गुन्हेगार पकडणारा माणूस तिथं एकच होऊन गेला. तो मी, गुणवंतराय देसाई. आम्ही अनाविल ब्राह्मण, छाती पुढे काढूनच जन्माला येतो, हे कबूल. पण ही बढाई नव्हे.

यंदा माझा गुडघा बदलला, त्यामुळे गल्ला सुटला. मग उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी गल्लाच माझ्या ओट्यावर आला. नटुभाई मास्तर आले. शेजारची हेतल आली. ही भरूचच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकते आणि माझ्या प्रत्येक वाक्याकडे परीक्षकासारखी बघते. आत माझी बायको जसुमती उंधियुची भाजी करत होती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावर उघडते. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

१. हाताला आलेला फेस

तेव्हा मी ठाकोरशेठच्या कारखान्यात माल विकायचं काम करायचो. माल एकच, जीएमएस. ग्लिसरिल मोनोस्टिअरेट असं पूर्ण नाव उच्चारलं की गिऱ्हाईक उठून जातं, म्हणून जीएमएस. दिसायला पांढऱ्या पाकळ्या, हाताला मेणासारख्या.

हेतल म्हणाली, हा एस्टर झाला, ग्लिसरीनचा आणि चरबीच्या आम्लाचा. मी म्हटलं, पोरी, आम्ही त्याला असं समजायचो. ग्लिसरीन म्हणजे तीन हातांची बाई. तिच्या एका हातात तेलातलं आम्ल दिलं की उरलेले दोन हात मोकळे राहतात, आणि ते दोन्ही पाण्याकडे धावतात. म्हणजे एक हात तेलाच्या गळ्यात, दोन हात पाण्याच्या. जगात जिथं जिथं तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तिथं आमची ही बाई मध्ये बसून समेट घडवते. आइस्क्रीम जिभेवर खरखरत नाही, ते तिच्यामुळे. पाव दुसऱ्या दिवशीही मऊ असतो, ते तिच्यामुळे. तोंडाला लावायचं क्रीम फाटत नाही, भाजीच्या प्लास्टिकच्या पिशवीला आतून दव धरत नाही, सगळं तिचंच. तिच्या बहिणी तर आणखी मोठ्या घरी पडल्या. एक च्युइंगगममध्ये आहे. एक सुरुंगातही असते आणि छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीतही असते. अख्खा देश सकाळी आमचा माल खातो, दुपारी तोंडाला फासतो, आणि आम्हांला विचारतो, "तुमच्याकडे वास फार येतो हो." येणारच. तुमच्या आइस्क्रीमची कढई आहे ही.

तर त्या कढईचा, म्हणजे रिॲक्टरचा, राजा होता रणछोडभाई वसावा. लाल मफलर, भरघोस मिशा, आणि तोरा असा की ठाकोरशेठसुद्धा त्याच्या चौथऱ्यावर चढताना खालून हाक द्यायचे. माल शिजला की नाही हे तो अंगठ्याच्या नखावर थेंब घेऊन बघायचा. थेंब नखावर दुधाळ होऊन गोठला की म्हणायचा, "आलं, एस्टर." दवेसाहेब, आमचे केमिस्ट, त्यानंतर प्रयोगशाळेत तपासणी करायचे आणि दोघं अर्धा तास भांडायचे की आधी कुणाला कळलं.

वासी उत्तरायणाची, म्हणजे उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. पतंग उडवून सगळ्यांची बोटं मांजानं कापलेली, ज्याच्या त्याच्या बोटाला चिंधी. दुपारी मुंबईच्या एका मोठ्या बिस्किट कंपनीचे साहेब येणार होते. त्यांना आमचा माल पसंत पडला असता तर कारखाना दुप्पट झाला असता. रात्रभर शिजलेली कढई रणछोडभाईनं उघडली. एरवी तोटीतून तुपासारखी धार येते. त्या दिवशी आली ती चिकट, तारा सुटणारी लापशी. त्यानं थेंब नखावर घेतला, तो गोठेना. त्यानं हात नळाखाली धरला आणि बोटं चोळली.

हाताला फेस आला.

मी जवळच होतो. रणछोडभाई फेसाकडे बघत म्हणाला, "गुणुभाई, एस्टर गेलं. कढईत कुणीतरी साबण केलाय."

२. पांढरी सकाळ

एस्टरचा साबण करायला अक्कल लागत नाही. कॉस्टिक सोडा लागतो. आम्हीही कढईत चिमूटभर टाकतो, दुधाला विरजण लावावं तसं. पण गोणी ओतली की आमच्या बाईचा तेलाकडचा हातच तुटतो, ग्लिसरीन वेगळं आणि साबण वेगळा. तो पुन्हा जोडता येत नाही. मालाचा सत्यानाश, आणि पाहुणे निघालेले.

कोठारातली एक गोणी कमी निघाली. कढईचं झाकण चौथऱ्यावर चढल्याशिवाय उघडता येत नाही आणि चौथऱ्यावर राज्य रणछोडभाईचं. तो म्हणाला, चहाला खाली उतरलो होतो, तेवढाच वेळ चौथरा रिकामा होता.

तेवढ्यात किरीट पुढं आला. किरीट म्हणजे ठाकोरशेठचा साळा, बायकोचा भाऊ, कोठार त्याच्याकडे. साळा ही चीज अशी की कामावरून काढता येत नाही आणि कामाला लावताही येत नाही. तो म्हणाला, त्या वेळी मी केबिनमध्ये टेलिफोनला बसलो होतो, चौथऱ्यावर गोणी ओतणारा माणूस मला दिसला, गळ्यात लाल मफलर होता.

कारखान्यात लाल मफलर एकच.

ठाकोरशेठ वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला लवकर उत्तर हवं असतं. पाहुण्यांची गाडी फाटकात यायच्या आत रणछोडला फाटकाबाहेर करा, म्हणाले. पुढचं पोलीस बघतील. रणछोडभाईनं मफलर काढून घडी घातली आणि शेठच्या टेबलावर ठेवली.

"मी जातो," तो म्हणाला. "पण शेठ, माझ्या कढईतून साबण निघाला असं बाहेर सांगू नका. चोर म्हणा. चालेल."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. चोर म्हणा, पण माझा माल बिघडला म्हणू नका. असा माणूस स्वतःच्या कढईत गोणी ओतेल? आई आपल्याच पोराच्या दुधात माती कालवील? मी शेठना म्हटलं, गाडी येईपर्यंतचा वेळ मला द्या. शेठ म्हणाले, तू माल विकतोस गुणवंत, चोर नाही पकडत. मी म्हटलं, गिऱ्हाईक खोटं कधी बोलतंय हे ओळखण्यावरच माझं घर चालतं.

आता त्या सकाळबद्दल थोडं सांगायला हवं. थंडी कडाक्याची. आमच्या शेडमध्ये वाफेच्या नळाचा एक गळका व्हॉल्व्ह होता, थंडीच्या सकाळी तो असा फुसफुसायचा की शेडच्या खिडक्या चुन्यानं रंगवल्यासारख्या पांढऱ्या व्हायच्या. शेडमध्ये एका बाजूला शेठची केबिन. तिला चौथऱ्याकडे तोंड करून एकच मोठी काच. कारखान्यांच्या अख्ख्या रांगेतला एकमेव टेलिफोन त्या केबिनमध्ये, त्यामुळे शेजारच्या रंगाच्या कारखान्यातली टायपिस्ट रोज सकाळी त्यांचे फोन घ्यायला आमच्याकडे यायची. दोन वेण्या, हातात पेन्सिल, कुणाकडे बघायची नाही. ती टायपिस्ट आत्ता आत मेथीची मुठिया तळते आहे.

हा पुढचा भाग गल्ल्यावर मी गाळतो. पण खिडकीतून ओव्याचा वास असा काही येत होता की म्हटलं, आज घालावा. त्याच सकाळी, सगळं घडायच्या आधी, मी शेडमध्ये एकटा होतो. केबिनची काच वाफेनं पांढरीशुभ्र झालेली. माझ्या काय मनात आलं कुणास ठाऊक, मी शेडच्या बाजूनं त्या काचेवर बोटानं एक नाव लिहिलं. जसुमती. आणि तेही उलट्या अक्षरांत, आरशात दिसतात तसं, म्हणजे केबिनमध्ये टेलिफोनला बसलेल्या बाईला ते सुलटं वाचता यावं. पण नशीब बघा. व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, वाफ गेली, आणि ती आली तेव्हा काच कोरडी. नाव तिला कधी दिसलंच नाही. मला ते नुसतं सांगावं लागलं, आणि सांगितल्यावर ती त्याच वैशाखात लग्नाला तयार झाली.

हेतल म्हणाली, "काय सांगता दादा, उलट्या अक्षरांत?" आतून झाऱ्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी समजलो, मुठिया दोन जास्त मिळणार.

३. तीन जबान्या

माझ्या यादीत तिघं. रणछोडभाई, दवेसाहेब आणि किरीट. गोणी ओतायची संधी या तिघांनाच होती. मी त्या वेळी फाटकावर होतो, सुरतच्या आइस्क्रीमवाल्याच्या ट्रकमध्ये पिंपं चढवत. हमालांनी मला पाहिलं होतं, त्यामुळे मी सुटलो.

रणछोडभाईला विचारलं, मफलर चहाला नेला होतास का. म्हणाला, चौथऱ्यावर उकडतं, मफलर मी खुंटीवर टांगतो आणि खाली येतो. म्हणजे मफलर चौथऱ्यावर होता, माणूस खाली. चहावाल्या महाराजानं ते खरं म्हणून सांगितलं. पण महाराज त्याच्या गावचा, शेठ म्हणाले, तो तर सांगणारच.

दवेसाहेब प्रयोगशाळेत फुगून बसले होते. वापीच्या एका कारखान्यानं त्यांना बोलावणं धाडलं होतं आणि शेठनी त्यांना अडवून धरलं होतं, हे सगळ्यांना माहीत. हाताच्या दोन बोटांना जाड चिंधी, प्रयोगशाळेला व्हिनेगरचा वास. मी विचारलं, बोटांना काय झालं. म्हणाले, "काल भर दुपारी मी तुमचा पतंग कापला, देसाई, तेव्हा तुम्हांला माझी बोटं दिसली नाहीत का?" हे खरं होतं, आणि मला अजून लागतं. मग स्वतःच म्हणाले, मला बॅच बिघडवायची असती तर मी गोणी कशाला उचलू? तापमान दहा अंश चुकीचं सांगितलं असतं, माल करपला असता आणि रणछोडच्या डोक्यावर फुटलं असतं. कॉस्टिक ओतणं हे आडमुठ्याचं काम आहे. केमिस्टचा अपमान करू नका.

बोलणं उद्धट, पण हिशेब पक्का. त्यांना बॅच बिघडवायचीच असती तर ती त्यांनी नक्कीच सुबकपणे बिघडवली असती.

राहिला किरीट. तो केबिनमध्ये शेठच्या खुर्चीत बसला होता, म्हणजे शेठच्या नव्हे, शेजारच्या, पण ऐट तीच. मी अगदी मवाळ आवाजात विचारलं, किरीटभाई, नीट आठवून सांगा, चेहरा दिसला का? तुमच्या एका शब्दावर एका माणसाची भाकरी आहे.

किरीट म्हणाला, "चेहरा कसा दिसणार? काच वाफेनं पांढरी झाली होती. मी रुमालानं पुसलीसुद्धा, पण वाफ पलीकडून होती ना. धुक्यात लाल मफलर तेवढा दिसला, आणि गोणी."

मी म्हटलं, बरोबर आहे, खोटं कशाला बोलायचं, जेवढं दिसलं तेवढंच सांगितलंत. तो खूश झाला. चिक्की पुढं केली. मी घेतली.

ती चिक्की चावत मी बाहेर आलो, कारण मला हसू आवरत नव्हतं. एका वाक्यात किरीट अडकला होता. पण एवढ्यावर शेठ आपल्या बायकोच्या भावाला चोर म्हणणार नव्हते. मला आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. एक फाटकावर सापडली आणि एक ताकात.

४. ताकाचा वास

आता जरा सकाळी मागं चला. मी ट्रक भरत होतो तेव्हा फाटकाबाहेर एक टेम्पो उभा होता, मागे रिकामी पिंपं. आमच्या रांगेच्या टोकाला धीरजलालचा साबणाचा कारखाना होता, टेम्पो त्याचा. मला वाटलं, रस्ता चुकला असेल. मग लक्षात आलं की रणछोडभाईच्या हाताला फेस यायच्या आधी तो टेम्पो आला होता.

बघा. बिस्किटाचा माल बिस्किटवाला नेतो. बिघडून साबण झालेला माल कोण नेणार? धीरजलाल. आणि तोही मातीच्या मोलानं, कारण आमच्या दारात ती घाण कोण ठेवणार. पण माल बिघडलाय हे जगात कुणालाच माहीत नसताना, धीरजलालची रिकामी पिंपं दारात कशी? ज्यानं बिघडवला त्यानं आधीच निरोप धाडल्याशिवाय? धीरजलालच्या ड्रायव्हरला मी बिडी दिली आणि विचारलं, कुणी बोलावलं तुला? तो म्हणाला, मला नाव माहीत नाही, शेठ म्हणाले आतला माणूस आहे, थांब.

आतला माणूस. म्हणजे तिघांतला एक.

मग मी महाराजाच्या स्वयंपाकघरात गेलो. दुपारच्या जेवणासाठी ताकाचं मोठं तपेलं भरून ठेवलेलं असायचं. महाराज तणतणत होता, कुणीतरी सकाळी सकाळी अर्ध्यावर आणून ठेवलंय. आता आमच्या रांगेतली एक रीत सांगतो, जी पुस्तकात नाही. कॉस्टिक हाताला लागलं की आधी पाणी आणि मग आंबट ताक. दवेसाहेब बोंबलायचे, नुसतं पाणी ओता, ताकानं काही होत नाही. पण आमचा प्रत्येक माणूस ताकाकडेच धावायचा. थंडीच्या सकाळी कुणी ताक पीत नाही. म्हणजे कुणाच्या तरी हाताची आग होत होती.

आणि आदल्या दिवशी उत्तरायण. सगळ्यांची बोटं मांजानं कापलेली. ताज्या कापावर कॉस्टिकचा कण पडला तर काय होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच विचारा. रणछोडभाईचे चामड्याचे हातमोजे कोपरापर्यंत. दवेसाहेबांच्या टेबलावर व्हिनेगर, त्यांना तपेल्याची गरज काय. आणि किरीटनं मला चिक्की देताना हात पुढं केला, तेव्हा शर्टाची बाही मनगटापर्यंत ओली होती. मी वाकून चिक्की घेतली ती उगीच नाही. बाहीला आंबट वास होता.

हेतल म्हणाली, "दादा, ताकाचा डाग म्हणजे पुरावा नाही. तो म्हणेल सांडलं."

म्हणाला असताच. टेम्पोबद्दलही कानावर हात ठेवले असते. म्हणून मला ती काच हवी होती.

एवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला. मुंबईची गाडी आली होती.

५. काचेची साक्ष

पाहुण्यांना मी स्वतः गाठलं. म्हटलं, साहेब, आमचा माल बघण्याआधी एक गंमत बघा. त्यांना केबिनमध्ये बसवलं, गाठिया आणि चहा पुढं ठेवला. शेठ शेजारी, किरीट शेजारी, दवेसाहेब दारात. शेठचा चेहरा पडलेला. रणछोडभाईला मी फाटकावरून हाताला धरून परत आणलं आणि केबिनच्या कोपऱ्यात उभं केलं. मग किरीटला सगळ्यांसमोर पुन्हा विचारलं, तुम्ही इथंच बसला होतात ना? इथंच. काच पांढरी होती ना? पांढरीफटक. रुमालानं पुसलीत ना? पुसली, वाफ पलीकडून होती. तीनदा वदवून घेतलं. गिऱ्हाईकाकडून ऑर्डर घेताना मी हेच करतो.

मग मी टेबलावरचा लाल मफलर गळ्यात घातला, बाहेर शेडमध्ये गेलो आणि मेकॅनिकला म्हटलं, सकाळी दुरुस्त केलेला व्हॉल्व्ह सोड. तो म्हणाला, वेडे झालात काय. मी म्हटलं, सोड.

वाफ सुटली. बघता बघता शेडच्या सगळ्या खिडक्या पांढऱ्या झाल्या. मेकॅनिकच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या, त्याला समोरचा पान्हा दिसेना. मी चौथऱ्यावर चढलो, कढईचं झाकण उचलल्याचं नाटक केलं, केबिनकडे वळलो आणि ठाकोरशेठना जीभ काढून दाखवली.

शेठनी ती पाहिली. स्वच्छ पाहिली. तिच्यावरचा चिक्कीचा तीळसुद्धा पाहिला, असं ते पुढं सांगायचे. सगळ्या शेडमध्ये ती एकच काच नितळ होती.

आदल्या संध्याकाळी, सगळे पतंग गुंडाळत असताना, मी शेडमध्ये एकटा थांबलो होतो. पाहुण्यांना थक्क करायचं होतं. स्पिरिट कोमट करून त्यात आपल्या जीएमएसच्या पाकळ्या विरघळवल्या आणि मऊ फडक्यानं केबिनची काच शेडच्या बाजूनं पुसून घेतली. दिसायला काही नाही, काच ती काचच. पण आमच्या बाईचे दोन हात आठवा. वाफ काचेवर आली की एरवी तिचे बारीक थेंब होतात, आणि ते थेंब म्हणजेच धुकं. आमची बाई प्रत्येक थेंबाला हाताला धरून आडवं करते. पाणी पसरतं, सपाट होतं, आणि आरपार दिसतं. भाजीच्या पिशवीत जे होतं तेच. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, दवेसाहेबांनासुद्धा नाही. त्यांनी श्रेय घेतलं असतं.

म्हणजे त्या सकाळी जो कुणी खरोखर केबिनमध्ये बसला असता, त्याला चौथऱ्यावरच्या माणसाच्या मिशा मोजता आल्या असत्या. काच पांढरी होती असं सांगणारा माणूस केबिनमध्ये नव्हताच. तो शेडमध्ये होता. त्यानं इतर खिडक्या पांढऱ्या झालेल्या पाहिल्या आणि धरून चालला की हीही पांढरीच असणार. खुंटीवरचा मफलर त्यानं पाहिला, कारण तो मफलराच्या शेजारी उभा होता.

मी केबिनमध्ये परत आलो. मी फक्त टेम्पोचं नाव काढलं आणि किरीटच्या बाहीकडे बघितलं. त्यानं हात पाठीमागं नेला. तेवढं पुरे झालं. धीरजलालनं त्याला साबणाच्या कारखान्यात भागीदारीचं गाजर दाखवलं होतं, मेहुण्याच्या हाताखाली किती दिवस राहणार, असं म्हणून.

पोलीस नाही, बोभाटा नाही. शेठनी त्याला त्याच संध्याकाळी नवसारीकडच्या वाडीवर आंबे राखायला धाडलं. तिथं तो बरा रमला, आंब्यात कॉस्टिक ओतता येत नाही.

पण मला त्या दिवसाचं खरं सांगायचं असेल तर ते हे. शेठ उठले, मफलर माझ्या गळ्यातून काढला आणि आपल्या हातानं रणछोडभाईच्या गळ्यात घातला. माफी मागायला तोंड उघडलं. रणछोडभाईनं ती ऐकायची वाट पाहिली नाही. पाहुण्यांकडे वळून म्हणाला, साहेब, थांबणार असाल तर नवी कढई लावतो. आणि ते थांबले. मुंबईचे साहेब, कोट काढून, आमच्या बाकड्यावर, कढी-खिचडी खाऊन. तिन्हीसांजेला तोटी उघडली. तुपासारखी धार. रणछोडभाईनं नखावर थेंब घेतला आणि ते नख मोठ्या साहेबाच्या नाकासमोर धरलं. थेंब दुधाळ होऊन गोठला.

"हे एस्टर," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

त्या कंपनीची बिस्किटं तुम्ही आजही चहात बुडवता. बुडवताना रणछोडभाईची आठवण काढा. आणि थोडी माझीही.

६. खिडकी

नटुभाईंनी मान डोलावली, म्हणजे विश्वास बसला नव्हता. मग मी हेतलकडे वळलो. मी म्हटलं, काय, परीक्षक, चूक काढ. ती म्हणाली, काच खरी वाटते दादा, मोनोस्टिअरेटनं तसं होतं. मी छाती पुढं काढली. आमच्या कॉलेजकन्येनं शिक्का मारला होता.

मग माझ्या ध्यानात आलं की आत तळणीचा आवाज थांबून बराच वेळ झाला आहे.

खिडकीत जसुमती उभी होती, हातात झारा. घरी मी तिला फक्त नावाची गोष्ट सांगितलेली, आणि गल्ल्यावर फक्त काचेची. काच कशी बोलली हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"देसाई," ती म्हणाली, "काच तुम्ही आदल्या संध्याकाळी पुसलीत?"

मी म्हटलं, हो.

"शेडच्या बाजूनं?"

शेडच्याच.

"आणि त्यानंतर तिच्यावर धुकं धरलंच नाही?"

मी नटुभाईंकडे बघितलं. नटुभाई पतंगांकडे बघत होते. हेतलनं ओढणी तोंडाला लावली होती.

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी माझं नाव कशावर लिहिलंत?" जसुमती म्हणाली. "एक तर ते नाव खोटं, नाही तर ती काच. काच खोटी असेल, तर किरीटभाईंना उगीच आंबे राखायला लावलंत. आणि नाव खोटं असेल, तर मी त्या वैशाखात कशाला हो म्हटलं ते मला आता नव्यानं बघावं लागेल. उंधियु झालंय. दोन्हीपैकी खोटं कुठलं ते सांगा, मग पानं वाढते."